सोमवारचा सिंह

ग्यानबाच्या घरात सोमवारी बैल औताला जुंपत नाहीत. आजोबापासूनची रीत. पेरणी एक दिवस लांबली तरी चालेल, पण सोमवार बैलांचा. त्यामुळे घरची लग्नं, सोयरेधायरे, दवाखाना, सगळी कामं सोमवारीच उरकायची. हैदराबादलाही ग्यानबा आणि शालूबाई, दोघं नवराबायको पोहोचले ते सोमवारीच.

महिन्यापूर्वी हिंगोलीच्या डॉक्टरनं ग्यानबाला सांगितलं होतं, काचबिंदू फार पुढं गेलाय; गेलेली नजर परत यायची नाही आणि उरलेलीही फार दिवसांची नाही. बाहेर आल्यावर तो शालूबाईला म्हणाला, "तुला सिंह दाखवायचा राहिला."

लग्नाआधी तो हैदराबादेत बांधकामावर होता. तिथलं प्राणिसंग्रहालय दाखवीन, असं नव्या नवरीला त्यानं कबूल केलं होतं. संसाराच्या रगाड्यात ती विसरून गेली. त्याच्या मात्र ते मनात होतं.

"डोळे हायेत तवर जाऊ," तो म्हणाला. "तू सिंह बघून राहिली, अन् मी तुझं तोंड बघून राहिलो, एवढंच मला पायजे."

एवढं बोलल्यावर नाही कोण म्हणेल?

काचीगुड्याच्या स्टेशनावर उतरल्या उतरल्या ग्यानबा पुढं झाला. "मला सारी वाट पाठ हाय. बराबर नेतो." वाट पाठ होती, शहरच जागेवर राहिलं नव्हतं. खुणेची चिंच तोडलेली, टॉकीज होती तिथं कपड्याचं दुकान. दोनदा दोघं फिरून त्याच चहाच्या टपरीपाशी आले. कुणाला विचारावं तर याचा मान आडवा येई. रस्ता ओलांडताना बाजूनं आलेली रिक्षा त्याला दिसलीच नाही. शालूबाईनं दंड धरून त्याला मागं ओढलं. मग तिनं पदर खोचला आणि त्याच रिक्षावाल्याला बाजारातल्या मोडक्यातोडक्या हिंदीत पत्ता विचारला. ग्यानबा तिच्यामागं रिक्षात बसला.

प्राणिसंग्रहालयाचं दार बंद होतं.

"आज मंडे है ना अम्मा," पहारेकरी म्हणाला. "हर मंडे बंद रैता. जानवरां को भी एक दिन आराम होना."

शालूबाईनं हात जोडले. लांबून आलोय, यांची नजर चाललीय, असं काहीबाही सांगू लागली. ग्यानबानं तिचे जोडलेले हात हळूच खाली केले.

"ऱ्हाऊ दे, विश्वंभरच्या माय. त्याचं बराबर हाय. सोमवारी माझे बैल मी कवा कुणाला देले का?"

थांबावं, तर उद्या गावच्या कढईत शेतातली हळद शिजवायची पाळी त्यांची होती आणि घरी पोरगा विश्वंभर एकटा. परत कधी येणं होईल आणि तेव्हा नजर असेल का, हे दोघांनाही कळत होतं. शालूबाईचा जीव तुटत होता. आयुष्यभर बैलांना जपलेल्या माणसाच्या वाट्याला नेमका हाच वार यावा, याचा तिला संताप आला.

ऊन उतरेपर्यंत दोघं भिंतीच्या सावलीला बसले. उठायच्या बेतात असताना भिंतीपलीकडून एक डरकाळी आली. पायाखालची जमीन थरारल्यागत वाटलं.

ग्यानबानं डोळे मिटले.

"उठला बघ," तो हलक्या आवाजात म्हणाला. "आता मान झटकंल. आयाळ कशी हाय, वाळल्या गवतावानी. चालतो कसा, घाई म्हणून न्हाई. आता आपल्याकडं बघून राहिला. दिसला का?"

त्यानं डोळे उघडले आणि तिच्या तोंडाजवळ तोंड आणून, तिरपी मान करून, उरलंसुरलं सगळं बळ एकवटून तो तिच्याकडं बघत राहिला.

शालूबाईला हुंदका आला होता. तो तिनं गिळला. कपाळावरचा पदर मागं सारला, तोंड उन्हाकडं केलं. पुढं अंधारात याला हेच तोंड पुरवून वापरायचं होतं. समोरच्या कोऱ्या भिंतीकडं बघत ती लहान पोरीसारखी हसली.

"व्हय, दिसला," ती म्हणाली. "लई मोठा हाय वो."

त्याचं बघून होईपर्यंत तिनं मान हलवली नाही.