चुकलं म्हणायची शिकवणी

आबांना इंग्रजी शिकवायचं काम ठिणगीच्या गळ्यात पडलं, आणि पडलं ते नेहमीसारखं तिला न विचारताच. ठिणगी हे तिचं घरातलं नाव. चाळिशी उलटली तरी कुणी ते बदललं नाही, आणि बदलावं असं तिनेही कधी काही केलं नाही. धाकटा भाऊ परदेशात राहत होता. त्याला आता बापाला कायमचं तिकडे न्यायचं होतं, आणि तिथला नियम असा की येणाऱ्याला इंग्रजीत चार वाक्यं धड बोलता आली पाहिजेत. समोर बसून कुणीतरी प्रश्न विचारणार. "ताई, तू शिकव ना, तुला येतं," असं भावाने फोनवरून सांगितलं आणि तो उंटावरून शेळ्या हाकायला मोकळा झाला.

तिला येत होतं हे खरं. का येत होतं, हा विषय मात्र घरात कुणी काढत नसे. तिला इंग्रजीची शिक्षिका व्हायचं होतं. कॉलेजचं शेवटचं वर्ष राहिलं होतं, तेव्हा काच निसटून आबांच्या उजव्या हाताची शीर तुटली आणि त्यांनी तिला आपल्या काचेच्या दुकानात आणून बसवलं. "हात बरा होईपर्यंत," असं म्हणाले होते. हात बरा झाला, भाऊ कॉलेजात गेला, तिथून परदेशात गेला, आणि ही आपली जिथल्या तिथे. काचा कापायच्या, आरशांना चौकटी बसवायच्या, गिऱ्हाइकांशी हुज्जत घालायची. एवढ्यावर थांबलं असतं तरी तिने गिळलं असतं. पण आबांनी सगळ्या गोतावळ्यात सांगून ठेवलं की पोरीला शिकायचा कंटाळा, दुकानाचीच हौस. भाऊ तर तेच ऐकत मोठा झाला.

आता म्हातारा कायमचा निघाला होता. जाण्याआधी त्याच्या तोंडून एकदा तरी निघायला हवं होतं, की तुला शिकायचं होतं, मी बसवलं, माझं चुकलं. तिला दुकान नको होतं, दागिने नको होते, फक्त एवढं हवं होतं. आणि ते मागून घ्यायचं नव्हतं, कारण मागितल्यावर आबा काहीच देत नसत.

म्हणून पुस्तकातला तो धडा आला तेव्हा तिला वाटलं, चला, देवच पावला. जे व्हायला हवं होतं पण झालं नाही, त्याची हळहळ इंग्रजीत कशी बोलायची, असा तो धडा होता. दुकानामागच्या खोलीत, पुठ्ठ्यात गुंडाळलेल्या आरशांच्या मधे दोन स्टुलं टाकून ती शिकवत असे.

"आय विश आय हॅड, असं म्हणायचं," ती म्हणाली. "आणि पुढे आपल्या आयुष्यात जे करायचं राहिलं ते घालायचं. नीट विचार करा, आबा."

आबांनी नीट विचार केला. "आय विश आय हॅड बॉट द बिग टेबल."

"बरोबर. आणखी?"

"आय विश आय हॅड नॉट सोल्ड द स्कूटर."

"वस्तू झाल्या. आता माणसांचं काही सांगा. एखाद्या माणसाशी असं वागायला हवं होतं, तसं वागायला नको होतं, असं काही."

आबांनी डोळे मिटले. ठिणगी स्टुलावर पुढे सरकली. मग त्यांचा चेहरा उजळला. "आय विश आय हॅड स्लॅप्ड द कार्पेंटर!"

या सुताराने एकदा सगळ्या चौकटी वाकड्या आणून दिल्या होत्या, त्याचा राग म्हाताऱ्याने अजून जपून ठेवला होता. ठिणगीने पुस्तक मिटलं. टेबलाची हळहळ आहे, स्कूटरची आहे, न मारलेल्या थपडेचीसुद्धा आहे. पोटच्या पोरीची तेवढी नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या एक बाई खिडकीची काच न्यायला आल्या. मागच्या खोलीतून आबांची पोपटपंची चालूच होती. "तुम्ही शिकवता? उच्चार काय स्वच्छ आहेत हो! शिक्षिकाच व्हायला हवं होतंत," बाई ठिणगीला म्हणाल्या.

आबा तेवढ्यात बाहेर आले. "छे हो! हिला पहिल्यापासून शिकायचा कंटाळा. दुकानाचीच हौस."

ठिणगीच्या हातात काच कापायचा हिरा होता. पट्टीला लावून रेघ ओढून झाली होती. आता फक्त काठाला धरून दाबायचं आणि काच सरळ तुटायची. एका रेघेवरून हिरा दोनदा फिरवायचा नाही, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. दुसऱ्यांदा फिरवला की काच आपलं ऐकत नाही. ठिणगीने दुसऱ्यांदा फिरवला, दात ओठ खाऊन फिरवला, आणि काच वाकडीतिकडी कोपऱ्यापर्यंत तडकत गेली.

"एका रेघेवर दोनदा?" आबा ओरडले. "एवढी वर्षं काय शिकलीस?"

"तुम्ही शिकू दिलंत तेवढंच," ती म्हणाली.

बाईंनी उद्या येते म्हणून काढता पाय घेतला. आबांनी केरसुणी आणून तिच्यापुढे ठेवली आणि आत गेले. तिने तुकडे गोळा केले. या माणसाला बोलायला शिकवतेय, आणि हा शिकून पहिलं काय करणार, तर हेच खोटं तिकडे इंग्रजीत सांगणार!

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी भावाने फोन केला. सरावासाठी आज तो परीक्षक होणार होता. फोन टेबलावर ठेवला, त्याचा आवाज मोठा केला. आबा शर्टाची वरची गुंडी लावून ताठ बसले. नाव झालं, गाव झालं, आवडीनिवडी झाल्या. मग भावाने विचारलं, तुम्हाला कशाचा पश्चात्ताप होतो?

आबांनी ठिणगीकडे पाहिलं. आणि न अडखळता, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "आय विश आय हॅड लेट माय डॉटर फिनिश कॉलेज."

मुलीला कॉलेज पुरं करू द्यायला हवं होतं. ठिणगी उठून उभी राहिली. कशाला उठली तिलाही कळलं नाही.

तिकडून भाऊ खो खो हसला. "वा आबा, फुल मार्क! उदाहरण कुठून काढलंत? परीक्षक विरघळेल हो!"

"जमलं ना?" आबाही हसले. "कालच तयार करून ठेवलं होतं."

ठिणगीच्या अंगाचा तिळपापड झाला. "उदाहरण होतं हे?"

"अगं, परीक्षेत काहीतरी सांगावं लागतं ना."

"मराठीत म्हणा."

"मराठीत कुठे परीक्षा आहे?"

"माझी आहे. म्हणा."

"ताई, काय झालं?" फोनमधून आवाज आला.

"तू गप्प बस. आबा, म्हणा."

आबांचं हसू मावळलं. गुंडी काढली, पुन्हा लावली. आता मूग गिळून बसणार, असं तिला वाटलं, पण म्हातारा चिडला होता. "खोटं नाही बोलणार मी. ऐकायचंय ना? मग ऐक. हात गेला होता. दुकान गेलं असतं. याला बसवला असता तर याने महिन्याभरात विकून खाल्लं असतं. तुझ्यात धमक होती म्हणून तुला बसवलं. पुन्हा तीच वेळ आली असती, तर पुन्हा तुलाच बसवलं असतं."

"मग मला कंटाळा होता, असं का सांगत फिरलात?"

"दुसरं काय सांगू? पोरीचं शिक्षण तोडलं, असं सांगू चारचौघांत?"

मग फोनमधला आवाज, आता अगदी बारीक झालेला: "म्हणजे ताईला शिकायचं होतं? ताई, मला माहीत असतं तर..."

"तर काय केलं असतंस?"

ठिणगी फोनवर वाकली.

"बोल की! वाक्य अर्धं सोडायचं नाही. गेला नसतास? इथे येऊन काचा कापल्या असत्यास?"

दोघंही तसलेच, एक खोटं बोलून जगला आणि दुसरा ते न विचारता. ठिणगीने स्टूल ओढलं आणि आबांच्या समोर बसली.

"उद्या ते उदाहरण सांगायचं नाही," ती म्हणाली. "आत्ता बोललात ते सांगायचं. मी सांगते तसं म्हणा. आय टुक माय डॉटर आउट ऑफ कॉलेज."

"असलं सांगितलं तर नापास करतील."

"नाही करणार. तिथे वाक्य तपासतात, माणूस नाही तपासत. म्हणा."

आबा म्हणाले. मुलीला मी कॉलेजातून काढलं.

"शी वॉन्टेड टू स्टडी."

इथे ते थांबले. ती डोळ्याला डोळा भिडवून बसून राहिली. शेवटी त्यांनी तेही म्हटलं. तिला शिकायचं होतं.

"आय वुड डू इट अगेन."

पुन्हा तसंच करीन.

"आता सगळं एका दमात. आणि मोठ्याने. तिकडे ऐकू गेलं पाहिजे."

आबांनी घसा खाकरला आणि तिन्ही वाक्यं एका दमात म्हटली, टेबलावरच्या फोनकडे बघत. ठिणगीने शिक्षिकेच्या कानाने चूक शोधली. एकही नव्हती.

"पास," ती म्हणाली, आणि तिने फोन बंद केला.