सगळ्या जगासमोर अंथरलेली घोंगडी

मित्रांनो, मला हात लावाल तर टोचेन हं! मी एक जुनी, काळी घोंगडी आहे. खुलताबादच्या डोंगरावर चरणाऱ्या मेंढरांची लोकर हाच माझा देह. सरूबाईंनी सूत कातलं, त्यांच्या मालकांनी मागावर विणलं, चिंचोक्याची खळ लावून मला उन्हात वाळवलं. मला घरी नेणाऱ्या मेंढपाळ बानाबाईंनी आधी माझ्यावर चिमूटभर भंडारा वाहिला, मगच त्या माझ्यावर टेकल्या.

वस्तीत तंटा झाला की पंच मलाच अंथरत. माझ्यावर हात टेकून दिलेला शब्द म्हणजे देवासमोरचा शब्द. खोटं बोलायला माणसं भीत.

पुढं बानाबाईंचा मुलगा अंगद वाळूजला कारखान्यात लागला. घरात गाद्या आल्या आणि मी कांद्याच्या ढिगावर जाऊन पडले. एक कोपरा उंदरांनी खाल्ला.

एके सकाळी बानाबाईंनीच मला झटकून उचललं. अनेक देश मिळून गवताळ रानांसाठी एक कायदा करत होते, आणि काय नवल! त्याच्या प्रत्येक कलमावर साध्यासुध्या माणसांचं मत घेणार होते. सोडतीत बानाबाईंचं नाव निघालं होतं. मेंढरांच्या जुन्या वाटांवर कुंपण घालू नये, असं एक कलम होतं. आमच्या वाटेवर तर खांब येऊन पडलेच होते. कलम पडलं असतं तर कळप विकावा लागला असता.

"जगाचा कायदा करायला निघाली, आन् संगं कांद्याचं पांघरूण?" त्यांचे मालक सोनाजी हसले.

"खुर्चीवर बसून मी शबुद देत नाय," बानाबाई म्हणाल्या.

शहरातल्या एका सभागृहात मोठ्या पडद्यावर देशोदेशीचे चेहरे! कानाला लावलेल्या यंत्रातून सगळं मराठीत ऐकू येई. बानाबाई खुर्ची सोडून खाली माझ्यावर बसल्या. कलम वाचून झालं. होकारवाल्यांचे हात वर गेले. बानाबाईंनी डोळे मिटून आपला हात माझ्यावर टेकला.

पडद्याला तो कसा दिसावा? तिथं नुसती रिकामी खुर्ची.

"बानाबाईंचं मत आलेलं नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "ते आल्याशिवाय मोजणी होणार नाही. आम्ही थांबतो."

सात समुद्रांपलीकडचं जग आमच्या एका बाईसाठी थांबलं होतं!

सोबत आलेली सून दिपाली कासावीस झाली. "आत्याबाई, हात वर करा ना!"

"दिलाय की शबुद. देवाला अजून कसा देत्यात?"

दिपालीनं मग कॅमेराच खाली वळवला. पडद्यावर मी आले, कुरतडलेल्या कोपऱ्यासकट, आणि माझ्यावर तो भेगाळलेला तळवा. कुणी हसलं नाही. कुठल्याशा बर्फाच्या मुलखातल्या एका म्हातारीनं आपला वर केलेला हात हळूच मांडीवरच्या लोकरी शालीवर टेकला.

"बानाबाईंचा होकार," अध्यक्षबाई म्हणाल्या. "नोंदवला."

थोड्या मतांनी का होईना, कलम मंजूर झालं. माझा धागा न् धागा शहारला.

घरी आल्यावर सोनाजी म्हणाले, "आता कांद्यावर काय टाकू?"

"तुमची गादी टाका!"

मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिला ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका. आणि खुर्ची रिकामी दिसली म्हणून पुढं जाऊ नका. जरा वाकून बघा. खाली कुणाचा तरी हात टेकलेला असेल.