एकोणीस पांढऱ्या गाई

म्हशीला चुना फासायची कल्पना माझी नव्हती, बायकोची होती, हे आधीच सांगून टाकतो.

त्या दिवशी शाळेत साहेब तपासणीला आले. पोरांना स्वतःच्या मनानं पाच वाक्यं लिहिता येत नसतील तर शाळा बंद, असा वरून हुकूम. शाळा बंद म्हणजे आमच्या लेकीनं, चिमणीनं, रोज टेकडी ओलांडून दीड तास चालायचं. माझा जीव टांगणीला लागला होता.

गुरुजी माणूस भला, पण भित्रा. वर्षभर फळ्यावर एकच निबंध लिहायचे, पोरं तो उतरवून घ्यायची. साहेबांनी एकोणीस वह्या उघडल्या. सगळ्यांत तेच: आमच्या दारात गाय आहे, ती पांढरीशुभ्र आहे.

"वा! एकोणीस पांढऱ्या गाई?" साहेब उठले. "चला, दाखवा."

गावात पांढरी गाय एकच, सुताराची. पण गुरुजींचा चेहरा बघून गावाला दया आली. साहेब एका घरी चहा घेत बसले, की सुतार बोळातून गाय पुढच्या दारात नेऊन बांधायचा.

पाचव्या घरी साहेब म्हणाले, "ही फार धापा टाकते हो."

"स्वभावच आहे साहेब तिचा," घरमालक म्हणाला.

आमची पाळी आली आणि गाईनं बोळातच बसकण मारली. सुतारानं शेपटी पिरगाळली, हात जोडले. ती ढिम्म हलेना.

"अहो, भिंतीसाठी भिजवलेला चुना आणा," बायको म्हणाली.

"अगं, ती म्हस आहे!"

"साहेबांना काय कळतंय? शिंगं आहेत ना तिला?"

कुंचा घेऊन तिनं म्हैस शेपटीपर्यंत रंगवली. साहेब जवळ आले, म्हशीनं अंग झाडलं. साहेबांची काळी पॅन्ट पांढरी झाली आणि म्हैस होती तशी काळी. गुरुजी मटकन ओट्यावर बसले. मी म्हटलं, संपलं सगळं.

चिमणी मघापासून उंबऱ्यात बसून वहीत खरडत होती. साहेबांनी वही ओढून मोठ्यानं वाचलं, "साहेब आले. सुतारकाकांची गाय पाच घरी पळाली. मग ती बसली. माझ्या आईनं म्हशीला चुना फासला. आता साहेबांना पॅन्ट धुवावी लागेल."

"हे फळ्यावर होतं?"

"नाही. फळा शाळेत आहे," चिमणी म्हणाली.

साहेबांना हसू आवरेना. शाळा वाचली. ते पान नमुना म्हणून त्यांनी सोबत नेलं, तेव्हा माझी छाती फुगली.

महिन्यानं बायकोला माहेरी घेऊन गेलो. तिचा भाऊ शहरात दोन खोल्यांत राहतो, दूध पिशवीतलं. भाचा वही नाचवत आला, "आत्या, दहापैकी दहा!"

बायकोनं वाचलं: माझ्या आईनं म्हशीला चुना फासला.

"वन्सं, सगळ्या शाळांना हाच नमुना वाटलाय," भावजय रडकुंडीला आली होती. "आमच्या आळीत पन्नास आया म्हशीला चुना फासतायत. म्हस बघितलीय कुणी?"

"म्हस माझी, चुना माझा, आणि मार्क याला!" बायको कडाडली. तिनं भाच्याच्या हातात पेन्सिल दिली. "लिही पाच वाक्यं, तुझ्या डोळ्यांना काय दिसतंय ते."

पोरगा बराच वेळ तिच्याकडं बघत राहिला. मग जीभ बाहेर काढून त्यानं लिहिलं: आत्या रागावली आहे. मला भीती वाटते.

बायकोनं ते दोनदा वाचलं.

"हं. अजून तीन राहिली," ती म्हणाली, आणि त्याच्याजवळ मांडी घालून बसली.