दिवसाचा शेवटचा पेशंट

निशातगंजमधल्या एका छोट्या क्लिनिकमध्ये डॉक्टर विभा दुर्बिणीने पोटाच्या तपासण्या करायच्या. कोविडच्या त्या मे महिन्यात दिवसाला चारच पेशंट होत. प्रत्येकाचा ताजा निगेटिव्ह रिपोर्ट लागे, आणि एक पेशंट झाला की खिडक्या उघडून खोली तासभर रिकामी ठेवावी लागे. एसी बंदच. पीपीई किटच्या आत घाम पायांपर्यंत उतरे. दुपारनंतर विभाला बोलायचंही जिवावर येई.

एका गुरुवारी तिचे जुने पेशंट चंद्रशेखर काका यांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. काका मानक नगरच्या रेल्वे संस्थेतून निवृत्त झालेले. त्यांची अन्ननलिका आवळत जायची. दर दोन महिन्यांनी ती आतून फुगा फुगवून रुंद करावी लागे. या वेळी चार महिने लोटले होते. ताप नाही, खोकला नाही, पण कालपासून घोटभर पाणीही उतरत नाही, असं त्यांच्या पत्नी वसुधा काकूंनी फोनवर सांगितलं.

विभाने तीन कोविड हॉस्पिटलांत फोन केले. तिथे ऑक्सिजनचीच मारामार होती. दुर्बिणीचं कोणी ऐकूनही घेईना.

हे काम एकटीने होणारं नव्हतं. गीता सिस्टर हवी होती, आणि तिचे यजमान डायलिसिसवर होते. विभाने रिपोर्ट तिच्यापुढे ठेवला आणि नाही म्हणालीस तरी माझा राग नाही, असं सांगितलं.

गीताने रिपोर्ट वाचला. मग म्हणाली, “सबसे आख़िर में रखिए, मैडम. फिर कमरा सुबह तक बंद रहेगा.”

संध्याकाळी पाचला काका मागच्या जिन्याने आले. वीस मिनिटांत काम झालं. मधे ते एकदा जोरात खोकले, थेट विभाच्या फेसशील्डवर.

काकांना पाठवल्यावर किट उतरवायचं होतं. खरा धोका तिथेच. विभाचे डोळे मिटत होते. गाऊन निघाला आणि तिचा हात सरळ मास्ककडे गेला.

“मैडम, पहले हाथ,” गीता म्हणाली.

विभा थबकली. हात निर्जंतुक केले, मग मास्क काढला. संसर्ग लागलेला हात आपण तोंडापाशी नेत होतो, हे तिला कळलं. ती तिथेच स्टुलावर बसली.

पुढचा आठवडाभर क्लिनिक बंद ठेवलं. गीता घरी न जाता वरच्या खोलीत राहिली. यजमानांना डायलिसिसला तिचा भाऊ नेत होता. सरोजिनी नगरच्या घरी विभाही वेगळ्या खोलीत राहिली. मुलगी स्वरदा दाराबाहेर ताट ठेवी. काका पेज पिऊ लागल्याचं काकूंनी कळवलं. विभा फक्त बरं म्हणाली.

आठव्या दिवशी दोघींचे रिपोर्ट निगेटिव्ह आले. विभाने गीताला फोन केला.

“घर जाओ,” एवढंच ती म्हणाली.

मग ती आडवी झाली आणि संध्याकाळी स्वरदाने चहासाठी उठवेपर्यंत झोपली.