दाराबाहेरच्या चपला

लेकीला, मनस्वीला, घेऊन बघायला आलेला कराटेचा हा तिसरा क्लास. मुंबईहून नवरा फोनवर वैतागला, “अगं, एकात घाल आणि मोकळी हो.” त्याला काय जातंय बोलायला.

स्कूटीची किल्ली बोटात फिरवत मी दाराबाहेरच्या चपला बघत होते. मुलींच्या होत्या, पण सगळ्या आठ-नऊ वर्षांच्या मापाच्या. मारुती मंदिराजवळच्या क्लासला तेच, हातखंब्यालाही तेच. मोठ्या मुली टिकत नाहीत म्हणजे शिकवणाऱ्यातच काहीतरी खोट असणार.

शिकवणाऱ्या मॅडमना तोंडावर विचारलं, “तुमच्याकडच्या मोठ्या मुली जातात कुठे?”

“घरचेच क्लास बंद करतात. आता बरं दिसत नाही, म्हणतात.” मग त्यांनी शांतपणे विचारलं, “तुम्ही हिचा कितवीत बंद करणार?”

मनस्वीही माझ्याकडेच बघत होती.