यादीतली पहिली ओळ

मित्रांनो, मी हिंदी मुलखात, संकठा घाटाजवळच्या एका मराठी घरातला जुना संगणक आहे आणि मी फार रागावलो आहे.

आमच्याच शहरातल्या लंका नावाच्या भागातल्या दुकानात सुटे भाग जोडून मला बनवलं. माझे मालक वेणीमाधव हे संस्कृतचे निवृत्त शिक्षक. त्यांना दिसत नाही. त्यांच्या मुलीने, हिमानीने, माझ्यात संगणक चालवणाऱ्या दोन लिनक्स प्रणाली बसवल्या. एक बाबांची, पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारी. दुसरी तिच्या स्वतःच्या कामाची. मी सुरू झालो की आधी दोन्हींची यादी येते. कुणी कळ दाबली नाही, तर पहिल्या ओळीतली प्रणाली आपोआप उघडते. पहिली ओळ बाबांची होती. ते बटण दाबायचे, मी "नमस्कार" म्हणायचो आणि व्याकरणाचे धडे लिहिणं सुरू व्हायचं. गावोगावचे विद्यार्थी त्या धड्यांची वाट बघायचे.

एका दुपारी बाबांच्या पुतण्याने, विश्वेशने, कुणालाही न विचारता माझ्यात तिसरी प्रणाली टाकली. त्या आगाऊ पाहुणीने यादी नव्याने लिहिली आणि स्वतःचं नाव सगळ्यांच्या वर ठेवलं. विश्वेश खुशाल फिरायला निघून गेला.

संध्याकाळी बाबांनी बटण दाबलं. उघडली ती पाहुणी, आणि तिला वाचून दाखवता येत नव्हतं. मी मुका! त्यांनी पुन्हा दाबलं, तारा चाचपल्या. मग माझ्या पत्र्यावर हात ठेवून ते बसून राहिले.

"गेला वाटतं. धडेही गेले."

त्यांनी विद्यार्थ्यांना फोन करून शिकवणं बंद झाल्याचं कळवलं. मित्रांनो, माझ्यातलं एक अक्षरही गेलं नव्हतं! त्यांची ओळ फक्त खाली ढकलली गेली होती. मी आतल्या आत तापत होतो.

हिमानी बँकेतून आली. तिने पडदा पाहिला आणि नुकत्याच परतलेल्या विश्वेशला हाक मारली.

"हे काय करून ठेवलंस?"

"ताई, कुछ बिगड़ा नहीं. खालच्या बाणाची कळ दाबायची, बस."

"कधी दाबायची? यादी आलेली बाबांना कशी कळणार?"

तिने मला पुन्हा सुरू केलं आणि यादी येताच बाबांची ओळ निवडली. "नमस्कार!" मी जवळजवळ ओरडलोच.

बाबांचा चेहरा लाल झाला. "विश्वेश, माझी वाचा बंद करताना मला विचारावंसं वाटलं नाही तुला?"

हिमानी कीबोर्ड ओढायला लागली, तर बाबा म्हणाले, "राहू दे. यादी मीच लावतो."

ती सांगत गेली, मी वाचत गेलो, ते लिहीत गेले. त्यांची ओळ पुन्हा वर आली. शिवाय यादी उघडताच एक सूर वाजेल, अशी सोयही त्यांनी करून घेतली.

मग विश्वेशला समोर बसवून ते म्हणाले, "डोळे मीट. आता तुझी प्रणाली उघड."

त्यांनी मला पुन्हा सुरू केलं. सूर वाजला. विश्वेशची बोटं कळा शोधत राहिली आणि उघडली ती बाबांचीच प्रणाली.

"पुन्हा," बाबा म्हणाले.

पुष्कळ वेळा चुकल्यावर त्याला जमलं. "काका, चुकलं माझं," तो म्हणाला, आणि विद्यार्थ्यांना फोन त्यानेच केले.

धडे पुन्हा सुरू झाले आहेत. माझा राग मात्र उतरलेला नाही. मित्रांनो, ज्या यंत्रावर दुसऱ्या कुणाचं काम चालतं, त्याला हात लावण्याआधी त्या माणसाला विचारा. एवढंही जमत नसेल, तर माझ्यापासून लांब राहा.