राहिलेली शीग

फोन आला त्या दिवशी मी माझ्या जागेवर उभा होतो. इंजिनाचे वरचे झाकण काढलेले होते. गॅरेजमधला दिवा चालू होता. देवयानी दुकानातून कोथिंबीर आणायला गेली होती.

प्रल्हाद मोबाइल कानाला लावून घरातून गॅरेजच्या दारात आला. तो फोनवरच्या माणसाला इंग्रजीत सांगत होता, "नाही, तुमची काहीतरी चूक होते आहे. माझी बायको गॅरेजमध्ये आहे." मग त्याने आत पाहिले. आत जुना पिकअप होता, पाना होता, हात पुसायचे फडके होते, काजळाची उघडी डबी होती, आणि मी होतो. पलीकडचा माणूस बोलत राहिला. दुकानाच्या रांगेत उभी असताना ती खाली पडली होती. डोक्यात रक्तस्राव झाला होता. प्रल्हाद "बरं" म्हणाला. पुन्हा एकदा "बरं" म्हणाला. मग त्याने पुढे येऊन काजळाच्या डबीला झाकण लावले आणि तो गाडीची किल्ली शोधायला गेला. दिवा तसाच जळत राहिला.

मित्रांनो, आता मी कोण ते सांगतो. मी पोलादाचा एक दांडा आहे, पेन्सिलीएवढा लांब आणि तेवढाच जाड. माझे दोन तुकडे आहेत. एक तुकडा दुसऱ्यात आट्यांनी बसतो. एका बाजूला फिरवले की मी लांब होतो, उलट फिरवले की आखूड होतो. मधे एक बारीक नट आहे. तो आवळला की माझी लांबी पक्की होते.

इंजिनात माझ्यासारखे दिसणारे पुष्कळ दांडे असतात. त्यांना पुशरॉड म्हणतात. इंजिन फिरले की खालून लिफ्टर वर येतो, तो दांड्याला ढकलतो, आणि दांडा रॉकरचे एक टोक उचलतो. रॉकर म्हणजे बागेतला सीसॉच समजा. एक टोक वर गेले की दुसरे खाली जाते आणि व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, उघडते. ते दांडे इंजिनात कायमचे राहतात. मी राहत नाही. जुने रॉकर काढून दुसऱ्या बनावटीचे बसवले की दांड्याची लांबीही बदलते. ती नवी लांबी शोधण्यापुरता मी आत जातो. ती सापडली की मला बाहेर काढतात, माझे माप घेतात आणि तेवढे दांडे मागवतात. माझे काम तिथे संपते.

ओहायोतल्या एका कारखान्यात मी तयार झालो. तिथून टेक्सासमधल्या एका दुकानात खिळ्याला टांगला गेलो आणि तिथून देवयानीने मला जवळच फ्रिस्कोच्या घरी आणले. हे दोन हजार सहा सालचे. प्रल्हाद कॉम्प्युटरच्या कामावर इथे आला होता. देवयानीनेही पुण्याला मेकॅनिकलची पदवी घेतली होती, पण तिच्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती. म्हणून तिने जुना, बंद पडलेला पिकअप गॅरेजमध्ये आणून घेतला. पहिल्या दिवशी प्रल्हादने विचारले, "हा चालू होणार आहे का?" ती म्हणाली, "तू ऑफिसात बसतोस तेव्हा मी विचारते का तुला, तुझं चालू होणार आहे का?"

माझे नावही तिनेच ठेवले. तिचे वडील एकनाथ बार्शीच्या बाजारात मापाडी होते. शेतकऱ्याचे धान्य मापून द्यायचे हे त्यांचे काम. मला हातात घेऊन ती म्हणाली, "हा आमचा मापाडी." तेव्हापासून घरात सगळे मला मापाडीच म्हणत.

दांडा बरोबर बसला आहे की नाही ते पाहायला व्हॉल्व्हच्या टोकाला शाई लावतात. मग इंजिन हाताने दोन-चार वेळा फिरवतात. रॉकरच्या टोकाचे चाक जिथे घासते तिथली शाई पुसली जाते आणि चकचकीत रेघ उमटते. रेघ बारीक हवी आणि टोकाच्या मधोमध हवी. देवयानीची शाई वाळली होती. तेव्हा प्रल्हादची आई, पद्मिनीबाई, सांगलीहून आली होती. तिने सुनेसाठी घरी केलेल्या काजळाची डबी आणली होती. देवयानीने बोटभर काजळ घेतले आणि व्हॉल्व्हला लावले.

पद्मिनीबाई दारातच उभी होती. "अगं, डोळ्यांत घालायला दिलं होतं ते."

"आई, याला तुमचंच काजळ लागतं. शाईपेक्षा छान पसरतं."

"मी एरंडेलाचा दिवा लावून धरलंय ते. तू यंत्राला फासतेस."

"यंत्रालाही दृष्ट लागते, आई."

"लागेल बाई. दिवसभर त्याच्याकडेच बघत असतेस," पद्मिनीबाई म्हणाली आणि हसत आत गेली. जाताना डबी मात्र तिथेच ठेवून गेली.

पहिली रेघ एका कडेला आली. देवयानीने रॉकरच्या खाली पातळ पत्रा घातला. रेघ मध्यावर आली. मग ती माझ्या लांबीकडे वळली, आणि तिथे माप रोज वेगळे यायला लागले. लिफ्टरच्या पोटात तेलावर चालणारा दट्ट्या असतो. दाब आला की तो खाली बसतो, आणि मग दांडा जास्त लांब हवा असे वाटते. ती म्हणाली, "मापाखालचं पोतंच बसतंय." तिने सत्यजितला फोन केला. सत्यजित प्रल्हादच्या ऑफिसातला, नागपूरचा, जुन्या गाड्यांचा वेडा. त्याने एक भरीव लिफ्टर आणून दिला. तो दाबाने खाली बसत नव्हता. तेव्हा माप एकच येऊ लागले.

पण मित्रांनो, तेवढ्याने काम पुरे होत नाही. फट अगदी जाते ती लांबी सापडली की तिच्यावर आणखी जराशी लांबी घालावी लागते, म्हणजे खरा लिफ्टर थोडा दाबलेला राहतो आणि इंजिन टकटक करत नाही. या वरच्या लांबीला देवयानी शीग म्हणायची. बाजारात माप काठोकाठ भरले की त्यावर धान्याची रास चढवतात, ती शीग. "वडील म्हणायचे, सपाट माप मापाड्याचं, शीग देणाऱ्याची," असे ती सत्यजितला सांगत होती. सत्यजित म्हणाला, "यार, तुझ्या शिगेला कंपनीच्या कागदावर प्रीलोड म्हणतात. इतक्यापासून तितक्यापर्यंत काहीही चालतं." ती म्हणाली, "हो ना. त्यातलं किती, ते मी ठरवणार."

फोन आला त्या दुपारी तिने माझा नट आवळला. मला दोन बोटांत धरून फिरवून पाहिले. मग फडक्याला हात पुसले आणि दारातून प्रल्हादला काहीतरी ओरडून सांगितले. प्रल्हाद घरूनच फोनवर मीटिंगमध्ये होता. त्याने हात वर केला. ती गेली.

नंतर पुष्कळ दिवस गॅरेजमध्ये काही हलले नाही. दिवस तापला की छताचा पत्रा वाजायचा, आणि मला वाटायचे की दार उघडले. प्रल्हाद रोज संध्याकाळी यायचा. ती असताना तो चहा टाकायच्या आधी दारातून विचारायचा, "झालं का गं?" आताही तो तेच विचारायचा. मग तिला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागला असता तेवढा थांबायचा आणि दिवा बंद करून जायचा. माझ्या नटावर तिच्या अंगठ्याचा काजळाचा ठसा आहे. तो वाळला नाही. एरंडेलाचे काजळ वाळत नाही. प्रल्हाद वाकून तो ठसा बघायचा, पण हात लावायचा नाही.

मला बोलता आले असते तर मी सांगितले असते. तो काय शोधत होता ते मला माहीत होते. तिने ओरडून सांगितलेले वाक्य त्याला अर्धेच ऐकू आले होते. त्यात शीग हा शब्द होता. शीग लावली, की शीग राहिली?

दोन हजार सात साली ऑफिसने त्याची बदली दूर, दुसऱ्या राज्यात, बेलव्ह्यूला केली. घर रिकामे करायचे ठरले. सत्यजित आला. त्याने गॅरेजभर नजर फिरवली आणि म्हणाला, "प्रल्हाद, माझं ऐक. इंजिन आता पुरं करून टाकू. एका दुपारचं काम आहे. नवीन माप घेऊ, दांडे मागवू, आणि तू चालवत ने बेलव्ह्यूला." बोलता बोलता त्याने पाना माझ्या नटाला लावला.

"थांब," प्रल्हाद म्हणाला.

"अरे, माप पुन्हा घेता येतं यार. माप काय हरवतं?"

"हे हरवेल."

सत्यजितने पाना खाली ठेवला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "बरं, नट नको सोडूस. तुला हेच हवंय ना, की प्रीलोड यात आहे की नाही? मग फिरवून बघ. दोन बोटांत धर. घट्ट वाटला तर शीग लागलीय. सहज फिरला आणि वरखाली हलला नाही, तर सपाट माप आहे."

प्रल्हादने पँटला हात पुसले. ठशाच्या खाली, जिथे तिने धरले होते तिथेच, त्याने मला धरले. मी घट्ट व्हायचा प्रयत्न केला असता, पण पोलादाला ते जमत नाही. मी सहज फिरलो. वरखाली हललो नाही.

"सपाट आहे," तो म्हणाला.

"झालं तर मग. तिचं माप तुझ्याकडे आहे. मी व्हर्निअरने घेतो, नट न सोडता. वर किती घालायचं ते सांग."

प्रल्हाद नटावरचा ठसा बघत राहिला.

"मधलं घालू? सगळे मधलंच घालतात."

"ती मधलं घालणार होती का?"

"ते मला कसं माहीत असणार यार?"

"मलाही नाही," प्रल्हाद म्हणाला. त्याने फडके उचलून त्याची घडी केली आणि ती इंजिनावर ठेवली. "तुझ्याकडे ने सगळं. असंच ने."

आता मी सत्यजितच्या गॅरेजमध्ये आहे, त्याच इंजिनात, त्याच जागेवर. वर जुनी चादर आहे. रविवारी बेलव्ह्यूहून फोन येतो. सत्यजित स्पीकरवर ठेवतो, म्हणून मलाही ऐकू येते. "हात लावला नाहीस ना?" "नाही रे. तू ये, मग लावू." मी देवयानीच्या उत्तराची वाट बघतो. इतक्या दिवसांची सवय आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी एखादे काम अर्धे ठेवून उठले, तर ते लगेच आवरू नका. आणि दारातून कुणी काही ओरडून सांगितले, तर हातातले सोडून एकदा विचारा, काय म्हणालीस. अवजारांना सगळे ठाऊक असते, पण आम्हाला सांगता येत नाही.

दांडे मागवलेले नाहीत. इंजिनाचे झाकण बसवलेले नाही. माप झाले आहे. शीग लावायची राहिली आहे.